रिलेच्या कॉइलवर हवाईन गिटार वाजेल का? वाजेल, पण आधी इनपुट बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पाडलेल्या वाड्याच्या चौकटीतली सागवानी फळी घेऊन तुम्ही सहा तारांची लॅप स्टील, म्हणजे आपल्याकडे जिला सगळे हवाईन गिटार म्हणतात ती, घरीच बनवलीत. नटपासून ब्रिजपर्यंत, म्हणजे तारांच्या दोन टेकूंमधे, साडेबावीस इंच, सी-सिक्स्थ या जुळणीत लावलेली. फळीखाली पिझोची चकती (थरथरली की वीज देणारी पातळ तबकडी) चिकटवून वायर होम थिएटरच्या मागच्या सॉकेटात घातली. आवाज आला, पण पत्र्यावर खडे पडावेत तसा, आणि स्वरापेक्षा बार (तारांवर सरकवायचा पोलादी दांडा) घासल्याचीच खरखर मोठी. म्हणून आता पिझो काढून रिलेची (विजेने चालणाऱ्या छोट्या स्विचची) किंवा जुन्या टेलिफोनची कॉइल लावावी असं तुमच्या मनात आहे. कुठली कॉइल चालेल आणि पुण्यात ती कुठे मिळेल, एवढं तुम्ही विचारलंय.

कॉइल चालेल. पण नुसती कॉइल बदललीत आणि वायर त्याच सॉकेटात घातलीत, तर उद्या तुम्ही लिहाल की आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. म्हणजे आज पातळ, उद्या घुसमटलेला. दोन्हीचं कारण एकच आहे, म्हणून आधी तेच सांगतो. अॅम्प्लिफायर दुरुस्त करणं आणि पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारा भाग) गुंडाळणं हा माझा बावीस वर्षांचा धंदा आहे. माझ्याकडे 'पिकअप खराब आहे' म्हणून आलेल्या वाद्यांपैकी बऱ्याच वाद्यांचे पिकअप चांगले असायचे. ते चुकीच्या जागी जोडलेले असायचे.

पिझोची चकती विजेच्या हिशेबाने एक कपॅसिटर असते. बाजारात मिळणारी २७ मिलिमीटरची पितळी चकती साधारण २० नॅनोफॅरडची. होम थिएटरचा मागचा इनपुट सीडी प्लेअरसारख्या दणकट सिग्नलसाठी केलेला असतो आणि त्याचा रोध १० ते ४७ किलो-ओहम असतो. २० नॅनोफॅरड १० किलो-ओहमवर टेकवले की साधारण ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं गळायला लागतं. आता तुमच्या तारा बघा. सी-सिक्स्थमध्ये सगळ्यात खालची तार सुमारे १३१ हर्ट्झ आणि सगळ्यात वरची सुमारे ३३० हर्ट्झ. म्हणजे सहाच्या सहा सुट्या तारांचा मूळ स्वरच त्या रेषेखाली राहिला. वर उरलं काय, तर खरखर. तोच पिझो एक मेगा-ओहमच्या इनपुटला लावला तर ही रेषा ८ हर्ट्झवर जाते आणि सगळा स्वर ऐकू येतो.

कॉइलचं उलटं. चुंबकीय पिकअपमध्ये इंडक्टन्स (उंच स्वरांच्या सिग्नलला जास्त अडवणारा गुण) असतो, नेहमीच्या गिटार पिकअपला दोन-तीन हेन्री. त्याला १० किलो-ओहमचा बोजा लावला तर हजार-बाराशे हर्ट्झच्या वरची धार बोथट होते आणि आवाजही बराच खाली येतो. पिझोचं खालचं जातं, कॉइलचं वरचं जातं. म्हणून कुठलाही पिकअप लावायच्या आधी मधे एक बफर (सिग्नल न दाबता पुढे देणारं छोटं सर्किट) हवा, किंवा गिटार लावण्यासाठीच केलेला इनपुट हवा. बफर म्हणजे नऊ व्होल्टची बॅटरी आणि टीएल०७२ ही आठ पायांची आयसी, बस्स. एक लाख ओहमच्या दोन रेझिस्टरने बॅटरीचा मध्य काढायचा, इनपुटला १ मेगा-ओहम त्या मध्याला बांधायचा. आयसीच्या अर्ध्या भागाचा बफर होतो, उरलेल्या अर्ध्यातून पाच-दहा पट आवाज वाढवता येतो. हे आधी करा. ते केल्यावर पिझोसुद्धा पुन्हा एकदा ऐका. कदाचित तुमचं समाधान तिथेच होईल.

मला मात्र वाटतं की होणार नाही, आणि ते हवाईन गिटारच्या स्वभावामुळे. पिझो लाकडाची थरथर ऐकतो. बसवलेला बार, सरकवलेला बार, मनगट टेकलं, बोटातली नखी तारेला लागली, हे सगळं लाकडातून जातं. मींड घेताना, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकताना, तर बार कायम तारेवर घसटत असतो. कॉइलला लाकडाशी देणंघेणं नसतं. तिच्यासमोर पोलादी तार हलली, चुंबकाचं क्षेत्र हललं, की तिच्यात वीज उमटते. भावगीताचा लांबवलेला सूर स्वच्छ हवा असेल तर कॉइलच. घासण्याचा पोत मुद्दाम हवा असणारेही वादक असतात. त्यांनी पिझो ठेवावा, त्यात चूक काही नाही.

दुसरी गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे: तुम्ही वाजवणार कुठे? घरी हेडफोनवर, की तबल्याबरोबर बसून, की मांडवातल्या मिक्सरवर? मिक्सरच्या माइकच्या सॉकेटात जाणार असाल तर खाली सांगतो तो थोड्या वेढ्यांचा पिकअप सगळ्यात सोपा. घरच्या छोट्या गिटार अॅम्पवर वाजवणार असाल तर जास्त वेढे हवेत.

आणखी एक. हे असलं जुगाडू काम करताना आपण काही कमी दर्जाचं करतोय असं मनात आणू नका. पहिला चाललेला विजेचा गिटार हा लॅप स्टीलच होता. जॉर्ज बीचम (Beauchamp) याने १९३१ मध्ये त्याचा लाकडी नमुना केला आणि १९३२ पासून रिकनबॅकरचा अॅल्युमिनियमचा 'फ्राइंग पॅन' विक्रीला आला. त्याआधीच्या खटाटोपात त्याने फोनोग्राफचा पिकअप काढून लाकडाच्या ठोकळ्यावर एका तारेखाली बसवून पाहिला होता. शेवटी जो पिकअप पेटंट झाला, १९३७ मध्ये, त्यात तारांना खालून-वरून कवेत घेणारे नालाच्या आकाराचे दोन चुंबक होते. नेहमीच्या गिटारला असं काही अडचणीचं होतं, कारण हाताला जागा लागते. लॅप स्टीलला सहज जमतं.

लॅप स्टीलची ही मोकळीक नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा बेत तिच्यावर उभा आहे. इथे तारा उंच असतात, बोटाने दाबून खाली नेत नाही, बाजूला तर ओढतच नाही. तार जन्मभर एकाच रेषेत राहते. त्यामुळे प्रत्येक तारेखाली वेगळी छोटी कॉइल ठेवता येते. उभ्या गिटारवर तार ओढली की ती एका कॉइलवरून निसटून दुसरीवर जाते आणि आवाज गचके खातो. इथे तो प्रश्नच नाही. पिकअपच्या जाडीची, रुंदीची चिंता नाही. फळीत हवा तेवढा खड्डा कोरा.

तुमच्यासाठी माझी पहिली पसंती सहा रिलेंची आहे.

पीसीबीवर बसतो तो निळा किंवा काळा चौकोनी छोटा रिले घ्या, पण व्होल्टेज बघून. या साध्या रिलेंची कॉइल ०.३६ वॉटची असते, त्यामुळे १२ व्होल्टच्या कॉइलचा रोध ४०० ओहम, २४ व्होल्टच्या कॉइलचा १६०० आणि ४८ व्होल्टच्या कॉइलचा ६४०० ओहम येतो. व्होल्टेज जास्त तितकी वायर बारीक आणि वेढे जास्त. सहा कॉइल एकामागे एक जोडल्या तर १२ व्होल्टवाल्या मिळून २.४ किलो-ओहम, २४ वाल्या ९.६ किलो-ओहम, आणि ४८ वाल्या ३८ किलो-ओहमच्या पुढे. शेवटच्यात आवाज जड होतो आणि घरघरही फार ओढली जाते. पहिल्यात सिग्नल बारीक. २४ व्होल्टवाला घ्या. सहा लागतात, आठ आणा, कारण एक-दोन उघडताना जातातच.

उघडायची रीत. रिले उलटा धरा. पायांच्या बाजूला डब्याची शिवण राळेने बंद केलेली असते. हॅकसॉचं पातं हातात धरून चारही बाजूंनी तीवर हलक्या रेघा मारत जा. पातं आत घुसू देऊ नका. झाकण सुटलं की आत पांढऱ्या किंवा काळ्या रिळावर तांबूस चमकणारी कॉइल दिसते, वर लोखंडी पट्टी, बाजूला काटकोनातला लोखंडी पाय. वरची हलणारी पट्टी आणि स्प्रिंग काढून टाका, संपर्काची पितळी पानं कातरा. बाजूचा लोखंडी काटकोन गाभ्याला खाली रिबेट केलेला असतो. तो रिबेट कानशीने सावकाश घासून मोकळा करा, नाहीतर चुंबकाचं क्षेत्र तारेकडे जायच्या ऐवजी त्या लोखंडातूनच परत फिरतं. हे करताना गाभा कॉइलमधून निसटू देऊ नका; निसटलाच तर एक थेंब इपॉक्सीने परत बसवा. आणि कॉइलची दोन टोकं केसापेक्षा बारीक असतात. ती ज्या दोन पिनांना गुंडाळलेली आहेत त्या पिनांसकट रीळ ठेवायचं. टोकं सोडवून नवीन वायर जोडू म्हणालात तर कॉइल गेलीच म्हणून समजा. प्रत्येक पायरीनंतर मल्टिमीटर लावा: १६०० च्या आसपास दिसलं की जीव शाबूत आहे.

आता चुंबक. लाकडी कपाटाच्या दाराला जो मॅग्नेट कॅचर लावतात तो फोडा. दोन लोखंडी पत्र्यांच्या मधे काळी चपटी फेराइटची वडी असते. तिचे ध्रुव रुंद बाजूंवर असतात, म्हणजे आपल्याला हवे तसे. अशा दोन वड्या शेजारी ठेवायच्या: एकीची उत्तर बाजू वर, दुसरीची दक्षिण वर. पहिल्या वडीवर पहिल्या तीन तारांच्या कॉइल उभ्या करा, दुसरीवर उरलेल्या तीन. आणि दुसऱ्या तिघींचं जोडकाम उलट करा. यात काय झालं? भिंतीतल्या वायरिंगची, अडॅप्टरची ५० हर्ट्झची घरघर सहाही कॉइलमध्ये सारखीच शिरते. तीन सुलट आणि तीन उलट जोडल्यामुळे ती आपसात खोडली जाते. तारेच्या सिग्नलला मात्र चुंबकही उलटा आणि जोडही उलटा, त्यामुळे तो सुलटच राहतो. एका खर्चात घरघर मारणारा पिकअप झाला. सगळ्या कॉइल एकाच बनावटीच्या घ्या म्हणतो ते याचसाठी: वेढ्यांची दिशा आणि संख्या सारखी हवी.

रीळ तारांमधल्या अंतरापेक्षा रुंद निघालं तर एक पुढे, एक मागे अशा नागमोडी बसवा. आवाजात फरक पडतो, पण वाजवताना खटकत नाही. ब्रिजपासून दोन ते अडीच इंचाच्या आत बसवा. साडेबावीस इंची वाद्यात चोविसावा पडदा ब्रिजपासून साडेपाच इंचांच्या थोडा पुढे येतो, म्हणजे तार सप्तकात शिरायला बारला भरपूर मैदान राहतं. गाभ्याचं टोक आणि तार यांत सुरुवातीला चार मिलिमीटर ठेवा आणि मग ऐकत ऐकत कमी करा.

एक कमीपणा आधीच सांगून ठेवतो. नेहमीच्या पिकअपमध्ये एक मोठी कॉइल सगळ्या तारा ऐकते. इथे एका तारेचा सिग्नल एकाच कॉइलमध्ये उमटतो, बाकीच्या पाच नुसत्या रांगेत उभ्या असतात. म्हणून आवाज विकतच्या पिकअपपेक्षा मंद येतो. वर सांगितलेला टीएल०७२ चा दुसरा अर्धा भाग इथे उपयोगी पडतो. मोबदल्यात एक मोठा फायदा आहे: प्रत्येक तारेचा आवाज त्या-त्या कॉइलची उंची बदलून वेगळा लावता येतो. कॉइलखाली जाड कागदाच्या चकत्या घाला आणि काढा.

हा फायदा तुम्हाला लगेच लागेल असा माझा अंदाज आहे, कारण तुम्ही 'साध्या गिटारच्या तारा' लावल्यात असं लिहिलंय. त्या अकूस्टिकच्या ब्राँझ तारा असतील तर वरच्या दोन नुसत्या पोलादी तारा कान फाडतील आणि खालच्या गुंडाळलेल्या तारा दबतील. ब्राँझचं वेष्टण चुंबकाला दिसतच नाही, फक्त आतला पोलादी गाभा दिसतो. निकेल वेष्टणाचा इलेक्ट्रिक गिटारचा सेट घ्या. पिकअपवर हजार रुपये खर्च करण्याआधी हा खर्च करा, त्याने जास्त फरक पडतो.

चुंबकाच्या बाबतीत एक मोह टाळा. जुन्या हार्ड डिस्कमधले चंद्रकोरीसारखे चुंबक फार जोरकस असतात आणि फुकट मिळतात. सुरुवातीच्या काळात एका भजनी मंडळाच्या वादकाच्या हवाईन गिटारला मी तेच लावले होते. घरी आवाज दणदणीत आला, मी खूश. कार्यक्रमात त्यांनी वरच्या सप्तकात जाताना बार पिकअपजवळ नेला आणि पोलादी बार खालून ओढला गेला. तारा गाभ्यावर आपटल्या, स्पीकरमधून मोठा धडाका निघाला. त्याशिवाय खालच्या तारांतून सूर लावला की एकाच तारेतून दोन स्वर लहरल्यासारखे ऐकू यायचे. चुंबक तारेला मोकळेपणी हलू देत नव्हता. त्या रात्री त्यांचा अभंग माझ्यामुळे बिघडला हे मला आजही लागतं. तेव्हापासून लॅप स्टीलला फेराइट, आणि निओडिमियम (हार्ड डिस्कमधला जोरकस प्रकार) लावायचाच असेल तर अगदी लहान आणि लांब. शिवाय ते चुंबक एकमेकांवर आपटले की त्यांचे कपचे उडतात. डोळ्याला चष्मा असू द्या.

आता तुम्ही विचारलेल्या बाकीच्या गोष्टी भराभर घेतो. जुन्या काळ्या डायल फोनच्या रिसीव्हरमधली कॅप्सूल चालते. पुढची पातळ लोखंडी चकती काढली की आत चुंबक आणि दोन छोट्या कॉइल असतात. तारच चकतीचं काम करते. पण एक कॅप्सूल दोन तारांपुरती पुरते, तीन सारख्या मिळवाव्या लागतात, आणि रोध कमी असल्यामुळे माइकच्या सॉकेटातच लावावी लागते. आवाज गोड, थोडा जुन्या रेडिओसारखा. मिळाल्या तर जरूर करून बघा. कूलरच्या झडपा हलवणारी स्विंग मोटर, किंवा मायक्रोवेव्हची थाळी फिरवणारी २३० व्होल्टची मोटर, हिच्यात खूप बारीक वायरची मोठी गोल कॉइल असते. तिचा व्यास मोठा असल्याने सहा तारांखाली ती एकटी बसवता येते, पण घरघर भयंकर ओढते. दोन सारख्या घेऊन उलटसुलट जोडल्या तरच. आणि मायक्रोवेव्ह स्वतः उघडू नका. त्याच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा दाब राहू शकतो. भंगारवाल्याकडे सुटी काढलेली मोटर मिळते, तेवढीच घ्या. भिंतीवरच्या घड्याळाची कॉइल, दारावरच्या बेलची कॉइल: पहिलीत वेढे कमी पडतात, दुसरीत वायर जाड. वेळ घालवू नका.

स्वतः गुंडाळायची तयारी असेल तर मात्र पुढचं नीट वाचा, कारण मला स्वतःला हाच मार्ग सगळ्यात आवडतो. पिकअपवाले अमेरिकन मापात ४२ गेज म्हणतात ती वायर ०.०६३ मिलिमीटरची. आपल्याकडे वाइंडिंग वायर ब्रिटिश मापाने मिळते, त्यात तिच्या सगळ्यात जवळची ४६ गेज, ०.०६१ मिलिमीटर. दुकानात नुसतं '४२ गेज द्या' म्हणालात तर दीडपटीहून जाड वायर हातात येईल. हा घोटाळा मी अनेकांच्या बाबतीत पाहिलाय. हायलमच्या (बेकलाइटसारख्या कडक) शीटच्या दोन पट्ट्या कापा, त्यांच्यात सहा भोकं पाडून सहा साधे लोखंडी स्क्रू किंवा जाड खिळ्यांचे तुकडे घट्ट बसवा. स्टेनलेस घेतलेत तर आधी चुंबक लावून बघा, बहुतेक स्टेनलेस स्क्रूंना चुंबक धड धरत नाही. खिळ्यांवर एक पदर कागदी टेप, मग वायर. एका वेढ्याची सरासरी लांबी १५ सेंटिमीटर धरली तर ७५०० वेढ्यांना ११०० मीटरच्या थोडी वर वायर लागते, रोध साडेसहा किलो-ओहमच्या आसपास येतो आणि वजन भरतं जेमतेम ३० ग्रॅम. म्हणजे १०० ग्रॅमच्या रिळात तीन पिकअप होतात. पहिला तुटेल, दुसरा बरा होईल, तिसरा वाद्याला लागेल, या हिशेबाने १०० ग्रॅमच घ्या.

गुंडाळायला वेग आवरता येईल असा ड्रिल किंवा शिलाई मशीनची मोटर चालते. मोजायला साधा कॅल्क्युलेटर: त्याच्या 'बरोबर'च्या बटणाच्या दोन्ही पट्ट्यांना रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा स्विच) जोडा, फिरत्या चकतीला एक बारका चुंबक चिकटवा, १ + १ दाबून मोटर सुरू करा. दर फेरीला आकडा एकने वाढतो. वायर दोन बोटांच्या चिमटीत, मधे मऊ फ्लॅनेलचा तुकडा. ताण किती द्यायचा हे लिहून सांगता येत नाही. पहिल्या हजार वेढ्यांत बोटं शिकतात. वायर बोटातून गुळगुळीत सरकली पाहिजे, आणि गुंडाळलेल्या थरावर नख टेकलं तर तो दबता कामा नये. पंखा तुमच्याकडे फिरत असेल तर बंद करा. एवढी बारीक वायर वाऱ्याने उडते आणि कडेवरून उतरते.

झाल्यावर मेण. पांढऱ्या मेणबत्तीचं मेण भांड्यात, भांडं गरम पाण्यात. थेट ज्योतीवर कधीही नाही. मेण साठ-पासष्ट अंशांवर राहिलं पाहिजे. कॉइल बुडवली की बारीक बुडबुडे यायला लागतात, वेढ्यांमधली हवा बाहेर पडते. बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, वीसेक मिनिटं. असं केलं नाही तर आवाज वाढवल्यावर सैल वेढे थरथरतात आणि पिकअप शिट्टी मारतो. रिलेच्या कॉइललासुद्धा हे स्नान घालावं.

केसासारखी वायर हाताळायची भीती वाटत असेल तर थोड्या वेढ्यांचा मार्ग. पंख्यांचं रिवाइंडिंग करणाऱ्याकडे ३६ गेजची वायर असते, ०.१९ मिलिमीटर, डोळ्याला दिसते, हाताला कळते. त्याच चौकटीवर तिचे ३०० वेढे घाला. ४५ मीटर वायर, रोध २६ ओहमच्या आसपास. सिग्नल ७५०० वेढ्यांच्या पंचविसाव्या भागाएवढा, पण मिक्सरचा माइक इनपुट त्याला सहज उचलतो. लांब केबल लावली तरी धार जात नाही, आणि एक तास हाताने गुंडाळूनही होतो. हा थेट एक्सएलआर सॉकेटात (मिक्सरच्या तीन पिनांच्या माइक सॉकेटात) लावताना फॅन्टम पॉवर, म्हणजे मिक्सरने माइकला पुरवलेली वीज, बंद आहे ना ते बघा. मांडवात वाजवणाऱ्यांना मी हाच सुचवतो. घरच्या गिटार अॅम्पवर मात्र तो उपाशी वाटेल, मधे माइक ट्रान्सफॉर्मर लागेल.

म्हणजे तुमच्या बाबतीत क्रम असा धरा: आधी बफर, मग निकेलच्या तारा, मग सहा रिले. स्वतःची कॉइल त्यानंतर, हाताला चटक लागली तर.

सामानासाठी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत जा. रिले, आयसी, एक मेगाचे रेझिस्टर, पॉट तिथे मिळून जातील. पॉट (आवाज कमी-जास्त करायचा) ५०० किलो-ओहमचा मागा, नसेल तर ४७० चा घ्या, फरक कळणार नाही. गर्दीच्या वेळी दुकानदाराला 'गिटारचा पिकअप करायचाय' हे सांगत बसू नका, व्होल्ट आणि ओहम सांगा. मॅग्नेट कॅचर, स्क्रू, खिळे बोहरी आळीत. जुने फोन, भंगारातल्या मोटारी यांसाठी जुना बाजार, तो रविवारी आणि बुधवारी भरतो. जाताना मल्टिमीटर खिशात असू द्या आणि विकत घेण्याआधी प्रत्येक कॉइल तपासा. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या कॉइलीही आत तुटलेल्या असतात. ४६ गेजची वायर मात्र किरकोळीत सहज मिळत नाही. वाइंडिंग वायरच्याच दुकानात विचारा, नाहीतर ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्या एखाद्या कारागिराला रीळ मागवायला सांगा.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, ती टाळू नका. चुंबकीय पिकअप लावलात की घरघर कमी करायला तारा आणि ब्रिज अॅम्पच्या अर्थला जोडावे लागतात. म्हणजे तुमचा बार धरलेला हात थेट अॅम्पच्या चासीला (धातूच्या सांगाड्याला) जोडला गेला. जुन्या घरांमध्ये तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. अशा ठिकाणी अॅम्पमध्ये काही बिघडलं तर ती वीज तारांवर येते. गिटार जोडण्याआधी सॉकेटची अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि मीटरपाशी आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते बघा. अर्थिंग नसेल तर तोपर्यंत बॅटरीवर चालणाऱ्या अॅम्पवर वाजवा.

हे झालं की वाद्य जोडा, आवाज कमी ठेवा आणि लोखंडी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एकेका गाभ्याला हलकेच टक् करा. सहाही ठिकाणी सारखा टक् आला पाहिजे. एखादा मुका असेल तर त्याच्या दोन पिना तपासा. मग मोबाइलचा चार्जर पिकअपजवळ आणून घरघर ऐका. ती वाढलीच तर दुसऱ्या तिघींचा जोड सुलट राहिलाय, तो फिरवा. तुमच्या सहा कॉइलचे ओहम आणि तुम्ही वायर कुठल्या सॉकेटात घातलीत हे दोन्ही कळवा, म्हणजे बफरमध्ये आवाज किती पट वाढवायचा ते नेमकं सांगता येईल.